गोळी सुरू झाली, जेवणही बदललं: पहिले ३ महिने कसे काढायचे

टाइप टू डायबेटीस निघाला की डॉक्टर एकदम दोन गोष्टी हातात देतात, गोळ्यांची चिठ्ठी आणि "खाण्यावर कंट्रोल ठेवा" हे वाक्य. चिठ्ठीवर निदान सकाळ-संध्याकाळ तरी लिहिलेलं असतं, त्या वाक्याचं नेमकं काय करायचं ते कुठेच लिहिलेलं नसतं. मग माणूस घाबरतो आणि त्याच रात्री साखर, भात, ब्रेड, फळं सगळं बंद करून टाकतो, दुसऱ्या दिवसापासून गोळ्याही सुरू, आणि आठवड्याभरात पोट बिघडलं, चक्कर आली, अंधुक दिसायला लागलं की हे गोळीमुळे झालं का उपाशी राहिल्यामुळे का शुगरमुळे काही म्हणजे काही कळत नाही. मी अगदी हेच केलं होतं. आता ४ वर्षं झालीयेत, गोळ्या दोनदा बदलून झाल्या, त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहितोय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो, शक्यतो एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि जेवण कमी करायच्या आधी आपली गोळी कुठली आहे ते बघा.

आधी चिठ्ठी नीट वाचा

गोळ्या घरी आणल्या की पहिल्यांदा पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची, मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडून द्या, खाली औषधाचं खरं नाव असतं ते बघा. माझी गोळी एकच होती म्हणून मला वाटायचं औषध पण एकच, प्रत्यक्षात त्यात दोन औषधं होती, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. हे मला दीड महिन्याने कळलं आणि कसं कळलं ते पुढे येईलच.

नाव कळलं की एकच प्रश्न विचारायचा, ही गोळी शुगर एकदम खाली पाडू शकते का? ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड या गोळ्या आणि इन्सुलिन, यांचं उत्तर हो. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवलात का उपाशी आहात याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन-विल्डाग्लिप्टिन-लिनाग्लिप्टिन ही ग्लिप्टिन मंडळी, डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन, आणि सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं, ही एकटी असताना सहसा शुगर धोकादायक खाली नेत नाहीत, पण वरच्या गटातल्या औषधाबरोबर असली की धोका वाढतो. डायरीच्या पहिल्या पानावर प्रत्येक औषधापुढे "पाडते" किंवा "पाडत नाही" असं लिहून ठेवा, हसू येईल पण उपयोग होतो.

त्याच पानावर आणखी तीन उत्तरं हवीत. जेवणाच्या आधी, जेवणासोबत का नंतर? एखादा डोस विसरला तर काय करायचं? आणि किडनीची तपासणी झालीये का, कारण मेटफॉर्मिनसकट बरीच औषधं किडनी कशी चालतेय ते बघूनच देतात. विसरलेल्या डोसचं म्हणाल तर पुढच्या वेळी डबल गोळी घ्यायची नाही, हे जवळपास सगळ्यांना लागू.

मेटफॉर्मिन आणि पोट

बहुतेकांची सुरुवात हिच्यापासून होते. औषध जुनं आहे, फ्रान्समध्ये १९५७ पासून वापरात, अमेरिकेत मंजुरी मिळाली १९९४ च्या शेवटी. लिव्हर रात्रभर रक्तात साखर सोडत असतं, ते कमी करायचं हे तिचं मुख्य काम, त्यामुळे सकाळची फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची शुगर, हळूहळू उतरते. हळूहळू म्हणजे खरंच हळूहळू, दुसऱ्या दिवशी मीटर, म्हणजे घरी शुगर मोजायचं मशीन, बघून "फरकच नाही" म्हणू नका, दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

त्रास होतो तो पोटाला. मळमळ, गॅस, जुलाब, तोंडात धातूसारखी चव. माझे पहिले ८-१० दिवस असे गेले की बाहेर पडायच्या आधी तिथे टॉयलेट कुठे आहे हे विचारायचो, लाजायचं काय त्यात. याला तीन उपाय आहेत. पहिला, गोळी जेवणाच्या मध्यावर घ्या, म्हणजे थोडं खाल्लं, गोळी, मग उरलेलं जेवण, रिकाम्या पोटी अजिबात नको. दुसरा, डोस एकदम चढवू नका, नेहमीची पद्धत ५०० मिलीग्रॅम दिवसातून एकदा अशी सुरुवात करून आठवड्या-आठवड्याने वाढवायची, तुम्हाला पहिल्याच दिवशी १००० दोनदा दिली असेल आणि पोट साथ देत नसेल तर डॉक्टरांना फोन करून विचारा की कमीपासून चढवत नेऊ का. तिसरा, हळूहळू विरघळणारी मेटफॉर्मिन मिळते, नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असं असतं, ती पोटाला बरीच सौम्य असते. ती तोडायची-चावायची नाही. आणि कधीकधी तिचं रिकामं टरफल शौचातून बाहेर पडलेलं दिसतं, मी ते बघून हादरलो होतो की गोळी पचलीच नाही, पण औषध आत शोषलं गेलेलं असतं, बाहेर येतं ते नुसतं कवच.

वर्षानुवर्षं घेतली तर व्हिटॅमिन बी १२ कमी होऊ शकतं, म्हणून अधूनमधून त्याची टेस्ट करून घ्यायची, पायाला मुंग्या येतात म्हणजे डायबेटीसचाच त्रास असं गृहीत धरून बसू नका. दारू भरपूर पिणाऱ्यांनी ते डॉक्टरांपासून लपवू नये, मेटफॉर्मिनसोबत ते खरंच महागात पडू शकतं.

बाकीच्या औषधांचं थोडक्यात

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात. म्हणून लघवीला जास्त होते, पाणी जास्त प्यावं लागतं, आणि खाजगी जागी खाज, बुरशीचं इन्फेक्शन होऊ शकतं, स्वच्छता ठेवा आणि झालंच तर लगेच दाखवा, औषधाने बरं होतं. लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर दिसणार म्हणजे दिसणारच, घाबरू नका. पण एक गोष्ट गंभीर आहे, या गोळीवर असताना कडक उपास किंवा एकदम कार्बोहायड्रेट बंद करणं धोक्याचं, रक्तात कीटोनचं आम्ल साठू शकतं आणि त्यावेळी शुगर फार वाढलेली नसतेही. उलट्या, पोटदुखी, धाप लागणं असं झालं तर मीटरवर १८० दिसतंय म्हणून घरी थांबू नका. ऑपरेशन ठरलं असेल तर या गोळ्या काही दिवस आधी थांबवतात, तेव्हा तारीख ठरली की आठवणीने सांगा.

सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड, टिर्झेपटाइड या इंजेक्शनांनी भूक मरते आणि मळमळतं. ताट अर्धं करा, सावकाश खा, पोट भरल्यासारखं वाटलं की थांबा, तळलेलं-तेलकट पहिले काही आठवडे टाळा. सेमाग्लुटाइड गोळीतही येतं, ती सकाळी अगदी रिकाम्या पोटी, जास्तीत जास्त १२० मिलिलिटर पाण्यासोबत, आणि मग अर्धा तास खाणं-पिणं, दुसरी गोळी, काही नाही. चहासोबत घेतलीत तर फुकट गेली समजा.

अकार्बोज किंवा वोग्लिबोज असेल तर ती जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर, आणि गॅस होणार हे धरून चला. ग्लिप्टिन गोळ्या बहुतेकांना काहीच त्रास देत नाहीत, त्यांच्याबद्दल लिहायलाही फारसं नाही.

जेवण: एका आठवड्यात एकच बदल

पहिल्या आठवड्यात फक्त गोड पेयं बंद करा, बाकी जेवण आहे तसंच. कोल्ड्रिंक, पॅकेटमधला ज्यूस, साखरेचा चहा-कॉफी. ३३० मिलिलिटरच्या कोल्ड्रिंकच्या एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते आणि ती पातळ असल्यामुळे सरळ रक्तात जाते, एवढ्या एका बदलाने फरक दिसतो आणि पोटालाही कळतं की गोळीचा त्रास कुठला. घरी काढलेला ताजा ज्यूस पण यातच धरा, फळ चावून खा, पिऊ नका.

दुसऱ्या आठवड्यात एकच जेवण धरा, ज्याच्यानंतर शुगर सगळ्यात जास्त चढते ते, आणि त्याचं ताट बदला. अर्ध्या ताटात भाज्या, पण बटाटा-मका-रताळं त्यात नाही, पाव ताटात प्रोटीन म्हणजे डाळी, कडधान्य, अंडी, मासे, चिकन, पनीर जे तुम्ही खाता ते, आणि उरलेल्या पावात भात, ब्रेड, बटाटा यातलं काहीतरी एक. तीन नाही, एक! ताट साधारण ९ इंचाचं घ्या, मोठ्या ताटाचा पाव भाग म्हणजे पुन्हा डोंगरच. अंदाज यावा म्हणून सांगतो, एक कप शिजलेल्या भातात साधारण ४५ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतात, ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये १५ च्या आसपास. मी एक दिवस नेहमीइतका भात वाढून घेतला आणि मग तो कपाने मोजला, अडीच कप निघाला. बायको शेजारी उभी होती, ती काही बोलली नाही, कप धुवायला घेऊन गेली.

यात एक फुकटातली युक्ती, खाण्याचा क्रम बदला. आधी भाजी आणि प्रोटीन, शेवटी भात किंवा ब्रेड. पदार्थ तेच, प्रमाण तेच, तरी जेवणानंतरची उसळी कमी येते. आणि जेवल्यावर १०-१५ मिनिटं चाला, स्नायू ती साखर वापरून टाकतात. मला सकाळच्या तासभर चालण्यापेक्षा या १५ मिनिटांचा फरक मीटरवर जास्त स्पष्ट दिसला.

तिसऱ्या आठवड्यात दुसरं जेवण, चौथ्यात मधल्या वेळचं खाणं. "शुगर फ्री" लिहिलेल्या बिस्किटांना फसू नका, साखर नसेल पण मैदा तर आहे, पाकिटावर "एकूण कार्बोहायड्रेट" ही ओळ वाचायची, आणि तो आकडा किती ग्रॅमसाठी दिलाय ते पण, कारण बऱ्याचदा तो दोनच बिस्किटांचा असतो आणि आपण खातो सहा.

पण थांबा. तुमच्या पानावर एखाद्या औषधापुढे "पाडते" लिहिलं असेल तर हा दुसरा आठवडा सुरू करायच्या आधी डॉक्टरांना सांगा की मी भात-ब्रेड अर्ध्यावर आणतोय, डोस कमी करायचा का. हे मी केलं नव्हतं.

शुगर लो झाली तर

त्या दिवशी सकाळी गोळी घेतली, दुपारी शहाणपणा करून भात वगळला, सॅलड आणि दोन अंडी. ४ च्या सुमारास खुर्चीत बसल्या बसल्या कपाळाला गार घाम, छातीत धडधड, आणि समोरच्याचं बोलणं कळेना. मीटर काढला तर स्ट्रिप त्या फटीत जाईना, हात इतका थरथरत होता. तिसऱ्या प्रयत्नात गेली, आकडा आला ५८. बॅगेत चॉकलेट होतं ते खाल्लं, पाच मिनिटांत काही वाटेना म्हणून आणखी खाल्लं, मग बिस्किटं, मग कोणीतरी केळं दिलं ते. रात्री शुगर २६० आणि मी चिडलेला. तेव्हा पहिल्यांदा पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली.

यात चुका कुठल्या झाल्या ते बघा. ७० च्या खाली आलं की १५ ग्रॅम झटपट साखर घ्यायची, म्हणजे ३ चमचे साखर पाण्यात, किंवा ग्लुकोज पावडर, किंवा अर्धा कप गोड ज्यूस. चॉकलेट चालत नाही, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मग १५ मिनिटं गप्प बसायचं, पुन्हा मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. ही १५ मिनिटं फार अवघड असतात, शरीर ओरडत असतं की खा खा, तेव्हा घड्याळाकडे बघत बसायचं. वर आली की थोडं साधं खाणं. ५४ च्या खाली गेली तर प्रकरण गंभीर, जवळच्या कोणालातरी हाक मारा. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ ॲम्ब्युलन्स.

अकार्बोज किंवा वोग्लिबोज घेणाऱ्यांनी अशा वेळी साधी साखर न घेता ग्लुकोजच घ्यावं, कारण साखर फुटायची प्रक्रियाच ती गोळी अडवते. ब्लडप्रेशरसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर-धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो, तेव्हा घामाकडे लक्ष ठेवा.

आणखी एक गंमत, शुगर बरेच महिने २५०-३०० असेल तर ती १२० वर आली तरी शरीराला लो झाल्यासारखंच वाटतं, तेच थरथरणं, तीच भूक. म्हणून आधी मोजा. १२० असेल तर साखर खायची नाही, थोडं बसा, पाणी प्या, दोन-तीन आठवड्यांत शरीर नव्या आकड्यांना सरावतं.

मीटर कसा वापरायचा

रोज फक्त फास्टिंग मोजून जेवणाबद्दल काहीच कळत नाही. जोडीने मोजा, पहिल्या घासाच्या आधी आणि तिथून २ तासांनी. आज नाश्ता, उद्या दुपारचं, परवा रात्रीचं, असं फिरवत न्या म्हणजे स्ट्रिपाही जपून वापरल्या जातात. बऱ्याच जणांसाठी टार्गेट असतं उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या खाली, पण वय आणि बाकीचे आजार बघून डॉक्टर वेगळं सांगतील ते तुमचं. मीटरवर ७.५ असा आकडा दिसत असेल तर तुमचं मशीन मिलीग्रॅमऐवजी मिलिमोल या दुसऱ्या एककात आहे, १८ ने गुणा, १३५ झाले.

हात साबणाने धुवून कोरडे करा, नुकतं फळ सोललं असेल तर बोटावरच्या रसानेच आकडा चढतो, आणि टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध जास्त दुखतं. एकाच मिनिटात दोनदा मोजलं आणि १४० आणि १५२ आलं तर मशीन खराब नाही, चांगल्या मीटरलाही १५ टक्के इकडेतिकडे माफ असतं. रात्री काही न खाता सकाळची शुगर जास्त आली तर तुम्ही झोपेत काही खाल्लेलं नाही, पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीत हार्मोन सोडतं आणि लिव्हर साखर, ते बऱ्याच जणांना होतं.

डोळे, आणि आजारपणाचे दिवस

शुगर उतरायला लागली की काही आठवडे अंधुक दिसतं, कारण डोळ्यातल्या लेन्सचा आकार साखरेबरोबर बदलत असतो. या काळात नवा चष्मा करू नका, मी केला, दीड महिन्याने तो नंबर चुकीचा ठरला. रेटिनाची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याची, तपासणी मात्र सुरुवातीलाच करून घ्या, टाइप टू बऱ्याचदा कळायच्या आधी काही वर्षं आत असतो, आणि शुगर फार झपाट्याने खाली आणली तर आधीच बिघडलेला रेटिना तात्पुरता आणखी बिघडू शकतो. काळे ठिपके, पडदा आल्यासारखं किंवा अचानक न दिसणं, यात वाट बघायची नाही.

ताप, जुलाब, उलट्या सुरू झाल्या की आधी डॉक्टरांना विचारा कुठल्या गोळ्या थांबवायच्या. शरीरातलं पाणी कमी झालं असताना मेटफॉर्मिन आणि ग्लिफ्लोझिन गोळ्या सहसा थांबवायला सांगतात, इन्सुलिन मात्र आपल्या मनाने बंद करायचं नाही, कारण आजारपणात न खाताही शुगर चढते. हे आजारी पडल्यावर शोधत बसण्यापेक्षा आत्ताच विचारून त्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड सुरू झालं तरी शुगर वाढते, तो तुमच्या पथ्याचा दोष नाही.

३ महिन्यांनी

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट, परत करायची ती ३ महिन्यांनीच, कारण लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळातला साखरेचा हिशेब त्यांच्यावर चढलेला असतो. ७ टक्के म्हणजे सरासरी शुगर १५४ च्या आसपास, ८ म्हणजे १८३. टेस्टच्या आधी दोन दिवस उपाशी राहून इथे काही लपत नाही, मी प्रयत्न केलाय.

डॉक्टरांकडे जाताना अख्खी डायरी नेऊ नका, कोणी वाचत नाही. एका कागदावर शेवटचे १४ दिवस, जोडीचे आकडे, पुढे काय खाल्लं ते दोन शब्दांत, आणि लो झालेल्या दिवसांना लाल गोल. माझ्या कागदावर तीन लाल गोल होते आणि तिन्ही दुपारी ४ ते ५ मध्ये, ज्या दिवशी भात नव्हता त्याच दिवशी. डॉक्टरांनी तेवढंच बघितलं, बाकी आकड्यांकडे नजर पण टाकली नाही, आणि ग्लिमेपिराइड २ वरून १ मिलीग्रॅमवर आणली. त्यानंतर दुपारचं ताट तेच राहिलं, पण ४ वाजता घाम काही परत आला नाही.